नव्या अन्नाची पारख आणि मुक्या प्राण्यांची साक्ष

राजाच्या पानांत वाढलेलें अन्न निर्विष आहे कीं नाहीं, हें ओळखण्याची युक्ति कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्रांत सांगून ठेविली आहे. अन्न प्रथम अग्नीला व पक्ष्यांना घालावें, मग राजानें सेवन करावें; विष जवळ असतांना क्रौंच पक्षी मत्त होतो, चकोराच्या डोळ्यांचा रंग पालटतो, कोकिळ मरून पडतो, अशीं लक्षणेंही तेथें दिलेलीं आहेत. यांतील पक्षिशास्त्र कितपत खरें, हा प्रश्न निराळा. परंतु त्यामागील तर्क अगदीं सरळ आहे. जें माणसाला मारील तें पाखरालाही मारील; तेव्हां माणसाच्या आधीं पाखराला विचारावें. विसाव्या शतकांत औषधें, रंग व कीटकनाशकें यांची परीक्षा ज्या प्रयोगशाळांतून होऊं लागली, तेथेंही मुख्यतः हाच तर्क चालला. चकोराच्या जागीं उंदीर आणि ससा आले, इतकेंच.

परंतु कांहीं पदार्थ विष नसतांना विषाचें काम करतात. शेंगदाणा, अंडें, दूध, कोळंबी हीं उत्तम अन्नें होत. हजारों माणसें तीं खाऊन तृप्त होतात. आणि त्यांतच एखादें मूल असें निघतें कीं, पहिला घास पोटांत जातांच त्याचे ओठ सुजतात, अंगभर गांधी उठतात, श्वास कोंडतो, आणि वेळीं उपाय न झाल्यास प्राणही जातो. यालाच अन्नाची ॲलर्जी असें नांव आहे. येथें अन्नांत विष नसतें. तें अन्न आणि तें विशिष्ट शरीर यांच्या गांठींत संकट असतें. मग जें प्रथिन माणसानें पूर्वीं कधीं खाल्लेलेंच नाहीं, तें बाजारांत येण्यापूर्वीं उंदराला विचारून त्याची पारख करतां येईल काय? १९९० नंतर, एका वनस्पतींतील जनुक दुसरींत घालून नवीं पिकें तयार होऊं लागलीं, तेव्हां हा प्रश्न निकडीचा झाला. त्याचें मूळ मात्र शंभराहून अधिक वर्षें मागें, एका राजाच्या नौकेवर सांपडतें.

१९०१ च्या उन्हाळ्यांत मोनाकोचा राजा पहिला आल्बर्ट आपल्या नौकेंतून अटलांटिक महासागरांत संशोधनासाठीं निघाला. या राजाला समुद्रशास्त्राचा मोठा नाद होता. त्याच्याबरोबर शार्ल रिशे व पॉल पोर्तिए हे पॅरिसचे दोन शास्त्रज्ञ होते. पाण्यावर तरंगणारा फायझेलिया नांवाचा एक निळसर प्राणी आहे. त्याच्या लोंबत्या तंतूंचा स्पर्श झाला कीं माणसाला असह्य वेदना होतात. या विषाचा अभ्यास करावा, अशी सूचना नौकेवर झाली. परतल्यावर पॅरिसमध्यें फायझेलिया मिळेना. म्हणून दोघांनीं खडकांना चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा ॲक्टिनिया हा समुद्रप्राणी घेतला, त्याचा अर्क काढला आणि किती मात्रेनें मृत्यु येतो याचें माप ते कुत्र्यांवर घेऊं लागले.

कांहीं कुत्रीं अल्प मात्रेमुळें वांचत. तीं पूर्ण बरीं झालीं म्हणजे त्यांच्यावरच पुन्हां प्रयोग होई. त्या काळची समजूत अशी होती कीं, शरीराला विषाची एकदां ओळख झाली म्हणजे दुसऱ्या वेळीं तें अधिक कणखर ठरतें. देवीच्या लसीचा अनुभव तसाच होता. नेप्चून नांवाचा एक धट्टाकट्टा कुत्रा होता. पहिल्या टोंचणीनें त्याला कांहींच झालें नाहीं. बावीस दिवसांनीं, तो पूर्ण निरोगी असतां, त्याला तितकीच मात्रा पुन्हां दिली. कांहीं क्षणांतच त्याला धाप लागली, त्याला चालवेना, तो कुशीवर कोसळला, रक्ताची वांति झाली, आणि पंचवीस मिनिटांत तो मेला. ओळखीनें रक्षण व्हावें, तेथें ओळखीनेंच घात केला होता. १९०२ च्या फेब्रुवारींत दोघांनीं हा वृत्तांत पॅरिसच्या जीवशास्त्र-मंडळापुढें ठेवला आणि रक्षणाच्या उलट अशा अर्थाचा 'ॲनाफिलॅक्सिस' हा ग्रीक धाटणीचा शब्द बनविला. १९१३ सालीं रिशेला याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. १९०६ सालीं व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यानें 'ॲलर्जी' हा शब्द दिला. शरीराची पालटलेली प्रतिक्रिया असा त्याचा आशय होता.

नेप्चूनच्या मरणांत पुढील सर्व इतिहासाचें बीज आहे. तो दुसऱ्या टोंचणीच्या मात्रेमुळें मेला नाहीं. पहिल्या टोंचणीपासून त्याच्या शरीरानें जें कांहीं मनांत धरलें होतें, त्यामुळें मेला. म्हणजे ॲलर्जीची परीक्षा करावयाची तर पदार्थ केवळ खाऊं घालून पुरत नाहीं. प्राण्याचा पूर्वेतिहासही हिशेबांत घ्यावा लागतो.

याच सुमारास हा प्रश्न रुग्णालयांतूनही पुढें आला. घटसर्पावर घोड्याच्या रक्तापासून केलेलें प्रतिविष मुलांना टोंचलें जात असे. त्यानें असंख्य मुलें वांचलीं. पण क्वचित् एखादें मूल टोंचल्यावर थोड्या वेळांतच दगावे. या प्रतिविषाची शक्ति मोजण्यासाठीं गिनीपिग वापरीत. एकदां वापरलेला गिनीपिग कांहीं आठवड्यांनीं पुन्हां टोंचला तर तो तडकाफडकीं मरतो, हें अमेरिकेंतील थिओबाल्ड स्मिथ याच्या ध्यानांत आलें होतें. १९०६ सालीं वॉशिंग्टन येथील मिल्टन रोझेनाव व जॉन अँडरसन यांनीं त्याचा कसून तपास केला. घोड्याच्या रक्तद्रवाच्या घन सेंटिमीटरच्या दहा लाखाव्या भागानेंही गिनीपिग संवेदनशील झाल्याचें त्यांना आढळलें. त्यांनीं गिनीपिगांना तो रक्तद्रव व घोड्याचें मांस खाऊं घालूनही पाहिलें, आणि पोटाच्या वाटेनेंही ही संवेदनशीलता येऊं शकते असें दाखविलें. अन्नाच्या ॲलर्जीचा प्राण्यांवरील अभ्यास येथून सुरू होतो, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पण प्रत्येक प्राण्याची तऱ्हा वेगळी निघाली. या धक्क्यानें गिनीपिग मरतो तो श्वासनलिका आवळल्यामुळें. सशाच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आकुंचित होऊन हृदय बंद पडतें. कुत्र्याचा भार यकृतावर पडतो. कारण एक आणि मरणें तीन. मग माणसाचा आरसा यांपैकीं कोणता? हा प्रश्न तेव्हांपासून अनुत्तरित राहिला.

१९११ सालीं दुसरी एक गुंतागुंत उघडकीस आली. अमेरिकेंतील गिडियन वेल्स व थॉमस ऑस्बर्न हे धान्यांतील प्रथिनांवर काम करीत होते. मक्यांतील झेईन या प्रथिनानें गिनीपिग संवेदनशील करण्याचा प्रयत्न त्यांनीं केला; पण ज्या गिनीपिगांच्या रोजच्या चाऱ्यांत मका होता, त्यांच्यावर त्याचा परिणाम होईना. जें अन्न शरीर नित्य खातें, त्याच्याशीं तें सलोखा करतें. निसर्गाची ही दया नसती तर माणसाला प्रत्येक घास धोक्याचा झाला असता. पण प्रयोगकर्त्याच्या दृष्टीनें ही अडचण मोठी आहे. प्राणी पूर्वीं काय खात होता, इतकेंच काय पण त्याचे आईबाप काय खात होते, यावरही त्याची साक्ष अवलंबून राहते. सोयाबीनची परीक्षा करावयाची आणि उंदरांच्या नेहमींच्या खाद्यांतच सोयाबीन असावयाचें, असें झालें तर उत्तर फसवें येणार.

प्राण्यांच्या आरशाला तडा कोठें आहे, हें १९२१ सालीं ब्रेस्लाव शहरांत दिसून आलें. हाइन्त्स क्युस्टनर या डॉक्टरला शिजविलेला मासा सोसत नसे. त्याचा सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यानें क्युस्टनरच्या रक्तांतील रक्तद्रव काढून स्वतःच्या पोटाच्या कातडींत टोंचून घेतला, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं माशाचा अर्क टोंचला. तेथें तत्काळ गांधी उठली. माशाची जराही बाधा नसलेल्या माणसाच्या अंगावर, दुसऱ्याच्या रक्तांतून ती बाधा उतरली होती. ॲलर्जीचें कारण रक्तांत फिरतें आहे हें सिद्ध झालें. पण तोच रक्तद्रव गिनीपिगांत घातला तर त्याचा उपयोग होत नसे. गिनीपिगानें गेलीं वीस वर्षें जें शिकविलें होतें, तें माणसाच्या आजाराशीं जुळतें असलें तरी एकच नव्हतें.

त्या अज्ञात द्रव्याचा छडा लागण्यास आणखी साडेचार दशकें गेलीं. १९६६ व १९६७ या सालांत अमेरिकेंत डेन्व्हर येथील किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानें, आणि स्वीडनमध्यें उप्साला येथील योहान्सन व बेनिश यांनीं तें स्वतंत्रपणें शोधून काढलें. १९६८ सालीं त्याला इम्युनोग्लोब्युलिन-ई असें नांव मिळालें. रोगांशीं झुंजणाऱ्या प्रतिपिंडांचाच हा एक प्रकार आहे. मात्र रक्तांत तो अत्यल्प असतो. मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर तो चिकटून बसतो आणि ओळखीचें प्रथिन पुन्हां भेटतांच त्या पेशींना हिस्टामिन ओतावयास लावतो. नेप्चूनच्या शरीरानें 'मनांत धरलें' असें जें वर म्हटलें, त्याचा माणसांतील अर्थ हा होय. गिनीपिगांत मात्र हें काम मुख्यतः दुसऱ्याच वर्गाचे प्रतिपिंड करतात. उंदीर, कुत्रा व डुक्कर यांच्यांत इम्युनोग्लोब्युलिन-ई आहे. म्हणून पुढील परीक्षेंत साक्षीदारही बदलले.

येथवर प्राण्यांना विचारला जाणारा प्रश्न 'हा आजार होतो कसा' असा होता, आणि त्याचीं उत्तरें त्यांनीं भरभरून दिलीं. १९९० नंतर प्रश्न पालटला: 'या नव्या प्रथिनानें उद्यां कोणाला हा आजार होईल काय?' कसें घडलें हें सांगणारा साक्षीदार पुढें काय घडेल हें सांगूं शकेलच असें नाहीं. आणि याचा प्रत्यय पहिल्याच मोठ्या प्रकरणांत आला.

सोयाबीनच्या प्रथिनांत मेथिओनीन हें पोषक द्रव्य कमी असतें. तें वाढवावें म्हणजे कोंबड्यांना अधिक चांगलें खाद्य मिळेल, या हेतूनें अमेरिकेंतील पायोनियर या बियाणें-कंपनीनें ब्राझील नट या कवचाच्या फळांतील एका प्रथिनाचें जनुक सोयाबीनमध्यें घातलें. त्या फळाची ॲलर्जी कांहीं माणसांना असते हें माहीत होतें. पण त्यांतील नेमकें कोणतें प्रथिन अपराधी, हें ठरलें नव्हतें. उंदरांवरील प्रयोगांत हें प्रथिन निरुपद्रवी दिसलें होतें. तथापि कंपनीनें हें सोयाबीन नेब्रास्का विद्यापीठांतील तज्ज्ञांकडे तपासणीस दिलें. त्यांनीं उंदरांवर न विसंबतां, ब्राझील नट न सोसणाऱ्या माणसांचें रक्त मिळविलें. नऊपैकीं आठ जणांच्या रक्तांतील प्रतिपिंडांनीं तें प्रथिन ओळखलें. तिघांच्या कातडीवर चाचणी घेतली. नव्या सोयाबीनच्या अर्कानें तिघांनाही गांध उठली, साध्या सोयाबीननें कोणालाच नाहीं. १९९६ च्या मार्चमध्यें हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तें सोयाबीन बाजारांत कधींच आलें नाहीं. उंदरानें निर्दोष ठरविलेल्या प्रथिनाला माणसाच्या रक्तानें दोषी ठरविलें होतें.

येथें एक गोष्ट सोयीची होती. जनुक कोठून आलें तें माहीत होतें, आणि त्या फळानें पीडित माणसें उपलब्ध होतीं. पण जें प्रथिन आजवर कोणाच्या आहारांतच नव्हतें, त्याला ओळखणारें रक्त कोणाच्या अंगांत असणार? स्टारलिंक नांवाच्या मक्याच्या प्रकरणीं हीच अडचण आली. त्या मक्यांत मातींतील एका जीवाणूचें, किडींना मारणारें प्रथिन होतें. तें उष्णतेला टिकतें व जठररसांत लवकर विरघळत नाहीं असें आढळल्यामुळें १९९८ सालीं अमेरिकेच्या सरकारनें तो मका केवळ जनावरांच्या खाद्यासाठीं मंजूर केला. परंतु कोठारांत आणि गिरण्यांत माणसाचा मका व जनावरांचा मका वेगळा राहिला नाहीं. २००० च्या सप्टेंबरांत तो मक्याच्या खाद्यपदार्थांत सांपडला, आणि शेंकडों वस्तु दुकानांतून परत घ्याव्या लागल्या. ॲलर्जीशीं जुळतीं लक्षणें असलेलीं २८ माणसें सरकारी तपासांत आढळलीं. ज्यांचें रक्त तपासलें, त्यांच्यांत त्या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड मिळाले नाहींत. परंतु संशय पुरता दूर झाला असें सर्वांना वाटलें नाहीं. अशा ठिकाणींच प्राण्यांच्या साक्षीची खरी गरज भासते.

ती साक्ष मिळविण्याचे प्रयत्न निरनिराळ्या देशांत चालू होते. हॉलंडमध्यें झाइस्ट येथील संशोधकांनीं ब्राउन नॉर्वे जातीचे मोठे उंदीर निवडले. या जातीच्या शरीराचा कल मुळांतच इम्युनोग्लोब्युलिन-ई निर्माण करण्याकडे असतो. त्यांना रोज एक मिलिग्रॅम अंड्यांतील प्रथिन, सहा आठवडे, नळीनें पोटांत घालण्यांत आलें, आणि दुसऱ्या कोणत्याही द्रव्याची मदत न घेतां त्यांच्या रक्तांत अपेक्षित प्रतिपिंड दिसले. पण त्यासाठीं त्यांना आणि त्यांच्या पूर्वजांना अंड्याचा लेशही नसलेलें खाद्य द्यावें लागे. वेल्स व ऑस्बर्न यांचा धडा येथें कामीं आला.

न्यूयॉर्कमध्यें शू-मिन ली व ह्यू सॅम्पसन यांनीं लहान उंदरांना गाईचें दूध व पुढें शेंगदाणा तोंडावाटे देऊन माणसासारखाच धक्का घडवून आणला. परंतु उंदराचें आंतडें आपण होऊन ऐकेना. म्हणून त्याबरोबर पटकीच्या जंतूंचें विष थोडें मिसळावें लागलें. आजार कसा बरा करावा हें शोधण्यासाठीं हा प्रयोग फार उपयोगी पडला. नव्या प्रथिनाची पारख करण्यासाठीं मात्र तो तितकासा सरळ नाहीं. कारण ज्याला बोलतें करण्यासाठीं आधीं कांहीं पाजावें लागतें, त्या साक्षीदाराचें बोलणें तोलूनच घ्यावें लागतें.

इंग्लंडमध्यें इयन किम्बर व रिबेका डिअरमन यांनीं पोटाचा मार्गच सोडला. त्यांनीं प्रथिन उंदराच्या उदरपोकळींत टोंचलें आणि पाहिलें तें इतकेंच कीं, कोणत्या प्रथिनाविरुद्ध इम्युनोग्लोब्युलिन-ई उत्पन्न होतें. शेंगदाणा व अंडें यांच्याविरुद्ध तें झालें. क्वचितच कोणाला बाधणाऱ्या बटाट्यांतील एका प्रथिनाविरुद्ध झालें नाहीं. निवड बरोबर होती. पण माणूस अन्न तोंडानें खातो, पोटांत टोंचून घेत नाहीं, हा आक्षेप शिल्लक राहिला. कॅलिफोर्नियांत जन्मतःच ॲलर्जीकडे कल असलेल्या कुत्र्यांचा एक वंश ऑस्कर फ्रिक यांनीं जोपासला. अमेरिकेंतच डुकरांच्या पिलांवर शेंगदाण्याचे प्रयोग झाले. या प्राण्यांचें पोट माणसाच्या अधिक जवळचें असतें, वांति व गांधी हीं लक्षणेंही डोळ्यांना दिसतात. पण ते वाढविण्यास खर्च व काळ फार लागतो.

या सर्व प्रयत्नांच्या मुळाशीं एक अडचण समान आहे. प्रयोगशाळेंतील उंदीर एकाच वंशाचे, जणूं एकाच सांच्यांतून काढलेले असतात. माणसें तशीं नसतात. शेंगदाण्याची बाधा शेंकडा एकदोन मुलांना होते, बाकीच्यांना होत नाहीं. मग ज्या उंदरांत सर्वांनाच बाधा होते ते त्या दोघांसारखे, कीं ज्यांत कोणालाच होत नाहीं ते उरलेल्यांसारखे?

२००१ च्या जानेवारींत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य या दोन्ही संघटनांच्या तज्ज्ञांची बैठक रोम येथें झाली. नव्या प्रथिनाची पारख कोणत्या क्रमानें करावी, याचा आराखडा तेथें ठरला. प्रथिनाची रचना पूर्वींच्या ज्ञात अपराध्यांशीं कितपत मिळतीजुळती आहे हें पाहावें. पीडित माणसांच्या रक्ताशीं तें जुळतें कीं काय हें पाहावें. जठररसांतील पेप्सिन त्याला पचवितें कीं नाहीं हें पाहावें. आणि याबरोबर प्राण्यांवर, शक्य तर दोन निरनिराळ्या मार्गांनीं, प्रयोग करावेत. परंतु २००३ सालीं जेव्हां आंतरराष्ट्रीय कोडेक्स आयोगानें प्रत्यक्ष नियम केले, तेव्हां प्राण्यांच्या प्रयोगांना अनिवार्य कसोट्यांत स्थान मिळालें नाहीं. कोणत्याही एका कसोटीवर निकाल न देतां सर्व पुराव्यांचें एकत्र वजन करावें, आणि प्राण्यांवरील पद्धति शास्त्र पुढें जाईल तशा विचारांत घ्याव्यात, असें धोरण ठरलें. साक्ष पुसून टाकली नाहीं. तिला निकालाचा अधिकार मात्र दिला नाहीं.

हें धोरण किती दूरदर्शीपणाचें होतें, तें पुढील दहा वर्षांत दिसून आलें. ऑस्ट्रेलियांतील सी. एस. आय. आर. ओ. या राष्ट्रीय संशोधन-संस्थेनें भुंग्यापासून वाटाण्याचें रक्षण करण्यासाठीं घेवड्यांतील एका प्रथिनाचें जनुक वाटाण्यांत घातलें होतें. हें प्रथिन भुंग्याच्या अळीचें पिष्टपचन बंद पाडतें. घेवडा माणूस पिढ्यान्पिढ्या शिजवून खात आला आहे. तेव्हां येथें भय तें कसलें? तरीही उंदरांवर परीक्षा झाली. घेवड्यांतील मूळ प्रथिन खाणारे उंदीर शांत राहिले. नव्या वाटाण्यांतील तेंच प्रथिन खाणाऱ्यांच्या शरीरानें बंड केलें, आणि त्यांच्या फुप्फुसांतही दाह दिसला. कारण असें सांगण्यांत आलें कीं, प्रथिनावर साखरेच्या कणांची जी नक्षी चढते, ती वाटाण्याच्या पेशींत निराळी चढली. २००५ च्या नोव्हेंबरांत हें प्रसिद्ध झालें, आणि सुमारें दहा वर्षांचें काम संस्थेनें थांबविलें. उंदरानें माणसाला वेळीं सावध केलें, असें तेव्हां सर्वत्र म्हटलें गेलें.

परंतु गोष्ट तेथें संपली नाहीं. व्हिएन्ना येथें मिशेल एपस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हीच परीक्षा नव्यानें केली, आणि २०१३ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांच्या उंदरांनीं नव्या वाटाण्यांतील प्रथिनाला विरोध केला हें खरें; पण घेवड्यांतील मूळ प्रथिनालाही तितकाच केला. इतकेंच नव्हे, तर ज्यांत कोणतेंही परकें जनुक नव्हतें असा साधा वाटाणा खाणाऱ्या उंदरांतही प्रतिपिंड दिसले. मग पहिल्या उंदरांनीं सावध केलें, कीं घाबरविलें? ब्राझील नटच्या प्रकरणीं उंदीर गप्प राहिला आणि धोका खरा निघाला. वाटाण्याच्या प्रकरणीं उंदीर ओरडला आणि त्या ओरडण्याचा अर्थ संशयांत राहिला. चूक दोन्ही बाजूंनीं होऊं शकते, हें या दोन प्रकरणांनीं स्पष्ट केलें. यांतील एका चुकीची किंमत एखादें मूल प्राणानें देईल. दुसरीची किंमत, पीक हातचें गेलेला शेतकरी देईल. म्हणून ही चर्चा केवळ पंडितांची राहत नाहीं.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येऊन पोंचतो. जालना येथें स्थापन झालेल्या महिको या बियाणें-कंपनीनें फळांत शिरणाऱ्या अळीपासून वांग्याचें रक्षण करण्यासाठीं जीवाणूचें जनुक घातलेलें बीटी वांगें तयार केलें. सरकारला सादर केलेल्या परीक्षांत ब्राउन नॉर्वे उंदरांवरील ॲलर्जीची परीक्षाही होती. साधें वांगें व बीटी वांगें यांत फरक दिसला नाहीं, असा तिचा निष्कर्ष होता. १४ ऑक्टोबर २००९ रोजीं केंद्रीय समितीनें या वांग्याला संमति दिली. त्यानंतर पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनीं नागपुरासह सात शहरांत जाहीर सभा घेऊन लोकांचें म्हणणें ऐकलें, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजीं संमति स्थगित केली. वादाचे मुद्दे पुष्कळ होते, ॲलर्जी हा त्यांतील एक. शेजारच्या बांगलादेशानें २०१३ सालीं तेंच वांगें लागवडीस मंजूर केलें. कागद सारखे असतांना दोन देशांनीं दोन निर्णय घेतले; त्यावरून उंदराच्या उत्तरानंतरही बराच निर्णय माणसालाच करावा लागतो, हें उघड होतें.

आतां हा प्रश्न जनुकांच्या पिकांपुरता उरलेला नाहीं. २०२१ सालीं युरोपांत पिठांत होणारी पिवळी अळी माणसाचें अन्न म्हणून मंजूर झाली. या अळींतील एक प्रथिन कोळंबींतील मुख्य अपराधी प्रथिनाशीं फार जुळतें. म्हणून कोळंबी न सोसणाऱ्यांना इशारा देणें वेष्टनावर बंधनकारक आहे. हें ज्ञान प्रथिनांची रचना ताडून आणि पीडितांच्या रक्ताची परीक्षा करून मिळालें. नव्या प्रथिनाचा ॲलर्जीकारकपणा एकट्यानें निश्चित सांगेल असा सर्वमान्य प्रायोगिक प्राणी मात्र अद्याप मिळालेला नाहीं.

तथापि शंभर वर्षांत या मुक्या प्राण्यांनीं काय दिलें, याचा हिशेब मांडतांना कृतघ्न होऊन चालणार नाहीं. आजाराचें नांव, त्याची दोन भेटींची रीत, नित्य खाल्लेल्या अन्नाशीं शरीराचा होणारा सलोखा, हें सर्व ज्ञान कुत्रा, गिनीपिग आणि उंदीर यांच्या जिवावर मिळालें आहे. त्यांनीं सांगितलें तें खोटें नव्हतें. प्रश्नच कधीं कधीं त्यांच्या आवांक्याबाहेरचा होता. विष सर्वांचें सारखेंच शत्रु असतें, म्हणून त्याची पारख चकोराला सांगतां येई. ॲलर्जी ही ज्याची त्याला असते. तेव्हां नव्या अन्नाला संमति देणाऱ्यांनीं उंदराचें ऐकावें, रसायनशास्त्रज्ञाचें ऐकावें, पीडिताच्या रक्ताचें ऐकावें, आणि अन्न बाजारांत गेल्यावरही लक्ष काढून घेऊं नये. वेष्टनावर घटकांचीं नांवें स्पष्ट असावींत, आणि एखाद्या घरांत मुलाच्या ओठांना सूज आली तर ती वार्ता योग्य जागीं पोंचावी, ही व्यवस्था शेवटीं कोणत्याही प्रयोगाइतकीच मोलाची आहे.